निघाल्या गावचा दगड

१

अंजनाबाईचं प्रेत सापडलं त्या सकाळी वळणावरच्या देवानं धूर सोडला होता.

ही गोष्ट नीलाबाईनं पोलिसांना सांगितली नाही. अहेरीहून बोरमपल्लीकडे निघालं की आधी वन खात्याचा नाका लागतो. नाक्यापासून कोसभर पुढे रस्ता सागाच्या रानात शिरून डावीकडे मुरडतो. त्या वळणाला सगळे दगडवळण म्हणतात, आणि तिथंच नीलाबाईची चहाची टपरी. वळणावरचा देव म्हणजे मूर्ती नाही, शेंदूर नाही, नुसता कमरेइतका दगडांचा ढीग. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी नीलाबाई त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायची. त्या दिवशी पाणी पडलं आणि ढिगातला एक दगड सापासारखा फुत्कारला. पांढरी वाफ वर आली. नीलाबाई तांब्या टाकून मागे सरली तो पाय लाकडाच्या मोळीला अडला. मोळीपलीकडे, मोळ्या विकून जगणारी म्हातारी अंजनाबाई पडली होती. रात्रीच्या दंवानं तिचं लुगडं भिजून गेलं होतं.

गाडीनं उडवलं होतं म्हातारीला. गाडी कुणाची हे शोधायला पोलिसांना तासभरही लागला नाही. आदल्या दिवशी अमावास्या होती, दिवाळीनंतरची. दिवेलागणीला टपरी आवरून घरी जाताना नीलाबाईनं लांबून बकरी ओरडावी तसा हॉर्न ऐकला होता, आणि तसा हॉर्न साऱ्या तालुक्यात एका अयूबच्या काळी-पिवळी जीपला. नाक्यावरच्या झिंगू चौकीदारानं रजिस्टरात नंबरही लिहून ठेवला होता, ४१२७.

अयूब शपथेवर सांगत राहिला की त्या दिवशी जीप अंगणात होती, गिअरबॉक्स उतरवून ओसरीवर ठेवलेला होता. साक्षीला एकटी त्याची बायको खैरुन. नवऱ्यासाठी बायको खोटं बोलणारच, असं साहेबांनी तोंडावर म्हटलं नाही, एवढंच. अयूब जामिनावर सुटला, पण जीप जप्त होऊन ठाण्याच्या आवारात चिंचेच्या बुंध्याला साखळीनं बांधली गेली आणि दीड महिन्यात प्रवासी वाहतुकीचा परवाना रद्द झाला.

आणि साखळीत बांधलेली ती जीप जप्तीनंतर दोनदा दगडवळणावर आली होती.

२

बापूराव दुर्गे तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या भाजीत मीठ कमी की जास्त हे सांगण्यापेक्षा बरं म्हणून ते वकील कांता अलोणे यांचे मुन्शी झाले. त्यांच्या घरात छप्पन सालापासून देवाचा फोटो नाही, त्यामुळे भुताचाही प्रश्न येत नाही, असं ते चारचौघांत ठासून सांगत. तंबाखू मळताना मात्र हात थांबला की समजावं, माणूस घाबरला आहे.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत, परवान्याच्या अपिलाच्या तारखेला अकरा दिवस उरले असताना, त्यांचा हात असाच थांबला.

"दोन अमावास्या झाल्या, भाऊ," खैरुन सांगत होती. "हॉर्न वाजते, गाडी दिसते, नंबर तोच. लोक म्हणतात, म्हातारी गाडीत बसून फिरते. माह्या पोरीले शाळेत कोणी जवळ बसू देत नाई."

अयूब खाली मान घालून बसला होता. धडधाकट माणूस, तीन महिन्यांत पार चिपाड झाला होता. "मलेच आता समजून नाई राह्यलं," तो म्हणाला. "गाडी आपल्या मनानं तं गेली नसन?"

"गिअरबॉक्स ओसरीवर सोडून?" कांताबाई फटकन म्हणाल्या. वय तिशीचं, जीभ धारदार. "अयूबभाई, असं तिथं बोललात तर आपण उठून घरी यायचं. न्यायाधिकरणात भूत चालत नाही. कागद चालतो."

"गिअरबॉक्स एकट्यानं उतरवला का?" बापूरावांनी विचारलं.

"मी आन् सरफराजनं. खैरुनचा भाऊ. इथी बाहेरच हाय तो."

सरफराज आत आला. पंचविशीतला, देखणा, बोटं भेगाळून पांढरी पडलेली. लहानपणी आई गेल्यावर खैरुननंच त्याला वाढवलं होतं. बापूरावांनी बोटांकडे पाहिल्यावर तो ओशाळला. "डिझेलनं फुटली, भाऊ. गुणवंतरावचा ट्रक चालवतो ना." त्याची साक्ष मात्र अयूबच्या मुळावर आली होती. गिअरबॉक्स सकाळी उतरवला हे खरं, पण मी दुपारी निघून गेलो, नंतर जोडला की नाही मला माहीत नाही, असं तो बोलला होता.

"काऊन तसं बोलला?" बापूरावांनी विचारलं.

"झूट कसं बोलू? कुरआनची कसम होती."

खैरुननं भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं त्याच्याशी बोलणं टाकल्याला तेव्हा महिना झाला होता.

"काका," सगळे गेल्यावर कांताबाई म्हणाल्या, "आदेश सगळा त्या रजिस्टरातल्या एका ओळीवर उभा आहे. ती ओळ खोटी ठरली तरच हा माणूस वाचेल. नाहीतर परवाना कायमचा जाईल आणि पुढे खुनी म्हणून नावही राहील. नाक्यावर जा."

बापूराव गेले. दिवसाउजेडी, पहिल्या बसनं. भुताचा प्रश्न नव्हताच, पण बस पुढे संध्याकाळी मिळत नाही म्हणून, असं त्यांनी सुनेला सांगितलं.

३

झिंगू चौकीदार बांबूच्या आडव्या फाटकापाशी बसला होता. रजिस्टर मागितल्यावर त्यानं दिलं, पण देताना त्याचा अंगठा एका जागी घट्ट दाबलेला होता. बापूरावांनी आयुष्यभर पासाच्या तारखेवर अंगठा ठेवणारी पोरं पाहिली होती.

"अंगठा काढ, झिंगूभाऊ."

दोन पानं भाताच्या शितांनी चिकटवलेली होती. बापूरावांनी ती हळूच सोडवली. मार्गशीर्ष अमावास्या, ४१२७, जाताना पावणेसहा. पौष अमावास्या, ४१२७, जाताना सहा. दोन्हीपुढे झिंगूची सही होती.

"आली ते लिवली," झिंगू रडकुंडीला येऊन म्हणाला. "नाई लिवली तं कामचुकार. लिवली तं साहेब म्हनन, झिंगू पिऊन होता. गाडी तं ठाण्यात बांधून हाये. मंग मी काय पाह्यलो?"

"गाडीत कोण होतं?"

"दिवा नाई, काई नाई. डायवरच्या तोंडाले दुपट्टा. मांगून ताडपत्री लटकून राह्यली. हॉर्न वाजला का मी फाटक उचलतो आन् डोळे मिटतो. येताना तं मी पाह्यलोच नाई. फाटक उघडं ठेवून आत जाऊन बसतो."

"पहिल्या दिवशीही डोळे मिटले होते?"

"तवा काऊन मिटीन? तवा तं अयूबभाऊच वाटला. त्याची गाडी कोण तपासते? रोजची गाडी, मानसायची."

दगडवळणाला पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं, तरी सागाची पानगळ सुरू असल्यानं रानात सारखं कुणीतरी चालल्याचा भास होत होता. नीलाबाईनं चहा दिला आणि मग, इकडेतिकडे पाहून, धुराची गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी दगड फुत्कारला. मार्गशीर्षातल्या अमावास्येनंतर पुन्हा फुत्कारला. तेव्हापासून तिनं पाणी घालणं सोडलं होतं.

"देवाले तहान लागली असन, भाऊ, पन माही हिंमत होत नाई."

बापूराव ढिगापाशी जाऊन उभे राहिले. हा ढीग त्यांच्या ओळखीचा होता. त्या रस्त्याचा रिवाजच तसा: ज्या गावाहून निघालात तिथला दगड सोबत घ्यायचा आणि वळणावर ठेवायचा. मग वळण तुम्हाला त्याच गावी परत पोचवतं. दगड न ठेवता पुढे गेलेला माणूस परत आलाच, तर दुसराच कुणीतरी होऊन येतो, असं म्हणतात. हिंदू, बौद्ध, मुसलमान, एकही ड्रायव्हर हे चुकवत नसे. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा ब्रेक मारून म्हणायचा, बापूराव, टाका. आणि देव न मानणारे बापूराव तिकिटांच्या पेटीतून अहेरी स्टँडवरचा खडा काढून टाकायचे. ड्रायव्हरचं मन राखायला, दुसरं काही नाही.

ढिगावर अहेरीवाल्यांचे प्राणहिता नदीतले गुळगुळीत गोटे होते, बोरमपल्लीचा तांबडा मुरूम होता. आणि दोन जागी, गोट्यांच्या सांदीत, राखेसारखी पांढरी पूड साचली होती. तिसऱ्या जागी मुठीएवढा पांढरा दगड अर्धा फुटून पडला होता. पौषातल्या अमावास्येला पाणी पडलं नव्हतं. तो दंवानंच फुटला असावा.

बापूरावांनी चिमूटभर पूड बोटावर घेतली. तंबाखूनं चिरलेलं बोट असं चुरचुरलं की त्यांनी हात झटकला. मग खिशातला कागद काढून पूड बांधून घेतली. आणि उभ्या उभ्या त्यांच्या मनात आलं ते असं, की भूत कशाला दगड ठेवील? भुताला कुठं घरी परत जायचं असतं?

४

गुणवंतराव काळी-पिवळी संघटनेचे अध्यक्ष. वर्ध्याकडून वीस वर्षांपूर्वी आलेले, स्टँडवर त्यांच्या शब्दाशिवाय गाडी हलत नसे. अयूबचा परवाना रद्द झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच मार्गासाठी त्यांचा अर्ज पडला होता.

"पडणारच," ते मनमोकळं हसले. "गादी रिकामी झाली की कोणी तरी बसणारच ना, बापूराव. अयूबचं वाईट वाटते. पण प्रवाशांचा जीव आधी."

त्यांच्या तीन जीपा. दोन स्टँडवर होत्या, तिसरी म्हणे भंगारात काढून त्यांच्याच भट्टीवर टाकून दिली होती.

"अमावास्येला कधी गेलात काय त्या वळणावर?"

"मी? मी मागच्या सीटवर बसणारा माणूस. स्टेअरिंगला हात लावत नाई. आणि तुमचं ते दगडवळण! रस्त्याच्या कडेचा उकिरडा नुसता. मी तं बांधकाम खात्याले म्हटलं, उचला तो."

तंबाखू मळायला बापूरावांनी डबी काढली, तर चुना वाळून खडक झालेला. गुणवंतरावांनी नोकराला हाक मारली आणि कागदात गुंडाळलेला एक पांढरा दगड त्यांच्या हातावर ठेवला. "आपल्या भट्टीचा कळीचा चुना. नाक्याच्या अलीकडे, फाट्यावरची भट्टी. बाजारात असा भेटत नाई."

घरी येऊन बापूरावांनी दगड गाडग्यात टाकला आणि वर पाणी ओतलं.

गाडगं फुत्कारलं. पांढरी वाफ छपराकडे गेली, दगड तडतडत फुगला, फुटला आणि पीठ होऊन खाली बसला. सून चुलीपासून ओरडली, "मामाजी, झाकण ठेवा ना!" पण मामाजी जागेवरून हलले नाहीत. तीस वर्षं ज्याची डबी खिशात घालून हिंडलो त्यालाच भूत समजलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

५

"थांबा, हळू सांगा," कांताबाई म्हणाल्या.

बापूरावांनी टेबलावर पुडी उघडली. "वळणावर दगड ठेवते तो जिता मानूस. आन् दगड भट्टीचा, म्हणजे गाडी निघते भट्टीवरून. भंगारातली जीप. काळ्या-पिवळ्या सगळ्या सारख्याच, नंबर तेवढा अयूबचा लावला. येताना मागं ताडपत्रीखाली रानातला साग. अयूबच्या गाडीले नाक्यावर कोणी तपासत नाई, म्हणून तोच नंबर."

"आणि जप्तीनंतरही तोच नंबर का?"

"आता तं अजून बरं झालं ना, मॅडम. भुताच्या गाडीपुढं झिंगू डोळे मिटते. रस्ता मोकळा."

"म्हणजे गुणवंतराव."

"माल त्यायचा. पण गाडीत ते नाई. जो त्या ढिगाले उकिरडा म्हणते तो उतरून दगड काऊन ठेवीन? चालवणारा आपल्यातला हाय, वळणाले मानणारा. चोरीच्या गाडीत बसला तरी दगड ठेवल्याबिगर पुढं जायची त्याची हिंमत झाली नाई. चोर हुशार होता, पण रिवाज सुटला नाई."

कांताबाई पेन्सिल टेबलावर आपटत राहिल्या. "असे ड्रायव्हर पन्नास आहेत."

"हाव. पण पहिल्या दिवशी अयूबची गाडी घरी उघडी पडून हाय, हे किती जणाले माहीत होतं? हे माहीत नसताना कोणी तो नंबर लावून निघाला असता, तं एकाच संध्याकाळी नाक्यावर दोन ४१२७ आले असते. ज्याले पक्कं माहीत होतं की आज खरी गाडी येत नाई, तोच निघाला. बकरीचा हॉर्न कुठी भेटते हेही त्याले माहीत. आन् बोटं…" बापूराव थांबले. "डिझेलनं बोटं काळी होतात, मॅडम. पांढरी होत नाईत."

पेन्सिल थांबली. खिडकीतून बाहेरचा बाक दिसत होता. बाकावर खैरुन बसली होती, नवऱ्याच्या तारखेचे कागद ओढणीत बांधून.

"त्या बाईले हे नाव मी कसं सांगू?" बापूराव म्हणाले.

"सांगू नका," कांताबाई सावकाश म्हणाल्या. "मंगळवारी अमावास्या आहे. मी वनाधिकाऱ्यांना भेटते."

६

मंगळवारी सूर्य सागाच्या आड गेला तेव्हा बापूराव नीलाबाईच्या बंद टपरीमागे बसले होते, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. रानात दोन वनरक्षक होते, पण ते कुठं आहेत हे दिसत नव्हतं, आणि दिसत नसलेल्या माणसांचा आधार तो किती! हळूहळू पाखरं गप्प झाली. वाळलेली पानं आपोआप कुरकुरू लागली. ज्या जागी म्हातारी पडली होती तिथं गवत अजून दबलेलं आहे, असं बापूरावांना वाटलं. तीन महिन्यांत गवत उभं राहतं हे त्यांना माहीत होतं. तरी दबलेलंच दिसलं.

मग बकरी ओरडली.

दिवे न लावता गाडी आली. काळी, पिवळी, पाटीवर ४१२७. तो नंबर पाहताच बापूरावांची पाचावर धारण बसली. सगळं तर्कानं सोडवलेलं असूनही त्यांना क्षणभर वाटलं, आत अंजनाबाई बसलेली असेल. गाडी वळणाशी थांबली. दुपट्टा बांधलेला माणूस उतरला, ढिगाशी वाकला, दोन्ही हातांनी दगड ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिला.

बापूराव पुढे झाले आणि त्यांनी तांब्या त्या दगडावर रिकामा केला.

दगड फुत्कारला. वाफेच्या पलीकडे तो माणूस मागे कोलमडला.

"सरफराज," बापूराव म्हणाले, "आज कोणत्या गावचा दगड आणला?"

पळायला रस्ता होता, पण तो पळाला नाही. मागे नाक्यावर झिंगूनं ठरल्याप्रमाणे फाटक पाडलं होतं आणि रानातून दोन्ही वनरक्षक बाहेर आले. सरफराज रस्त्यातच बसला आणि दुपट्टा सोडून त्यात तोंड खुपसून रडू लागला.

"मारलं नाई भाऊ, दिसली नाई. दगड ठेवला, गाडीत बसलो, दिवे बंद होते. मोळी दिसली, वाटलं झुडूप हाय. गुणवंतराव म्हणे, बोलला तं तुले फाशी होते, गप राह्यला तं अयूबचा फक्त परवाना जाते. परवाना काय, कागदच तं हाय, म्हणे."

"आन् दगड काऊन ठेवत राह्यला? तिथीच तं सापडला."

सरफराजनं असं पाहिलं की जणू बापूरावांनी काहीतरी खुळचट विचारलं होतं. "न ठेवता कसा जाऊ? घरी परत यायचं होतं ना."

"घरी?" बापूरावांना राग आला आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. "दगड तं भट्टीचा ठेवला, पोरा. परत भट्टीतच आला ना दरवेळी. बहिणीच्या अंगणातला एक तरी ठेवायचा होता."

७

न्यायाधिकरणापुढे कांताबाई वीस मिनिटंच बोलल्या. वन खात्यानं तीच पाटी, तीच जीप आणि भट्टीवर लपवलेला साग पकडून दिला होता, तरी त्यांनी आधी रजिस्टर उघडलं. ज्या हाताची एक ओळ खरी धरून परवाना रद्द केला, त्याच हाताच्या या दोन ओळी. त्या दोन्ही दिवशी गाडी पोलिसांच्या साखळीत होती. एकतर ठाण्यातून भूत निघतं, नाहीतर ४१२७ दोन होत्या. आदेश रद्द झाला, परवाना परत मिळाला. गुणवंतरावांचा जामीन अर्ज फेटाळला गेला, आणि झिंगूला न प्यायल्याचं प्रशस्तिपत्र हवं होतं, ते कांताबाईंनी स्वखर्चानं टाइप करून दिलं.

सरफराजनं गुन्हा कबूल केला आणि तो चंद्रपूरच्या तुरुंगात गेला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अयूबची जीप पुन्हा निघाली. पहिल्या फेरीला कुणी बसेना, म्हणून बापूराव पुढच्या सीटवर जाऊन बसले, तेव्हा कुठे मागे दहाबारा माणसं चढली. गाडी सुरू होताना खैरुन स्टँडवर आली. तिनं ओढणीच्या चिंधीत बांधलेला एक दगड काचेजवळ ठेवला, अंगणातल्या रांजणाखालचा, ओला, हिरवट. कुणासाठी ते बोलली नाही. अयूबच्या स्वतःच्या खिशात त्याचा गोटा होता.

दगडवळणाला तो उतरला, आपला गोटा ठेवला, कपाळाला हात लावला. नीलाबाईनं सकाळी घातलेलं पाणी ढिगावर अजून ओलं होतं. तो परत येऊन बसला, गाडी सुरू केली, गिअर टाकला. काचेजवळचा दगड थरथरू लागला.

अयूबनं गिअर काढला.

"ते बाई जिवानिशी गेली, भाऊ."

"हाव."

"माह्या पोरीजवळ अजून कोणी बसत नाई."

"हाव," बापूराव म्हणाले. आणखी काही बोलावं असं त्यांच्या तोंडाशी आलं होतं, पण तीस वर्षांच्या सवयीनं त्यांना माहीत होतं की कुणी कुठं उतरावं हे कंडक्टर ठरवत नाही.

अयूबनं इंजिन बंद केलं. मग त्यानं चिंधी सोडली, दगड मुठीत घेतला आणि खाली उतरला. ढिगाशी वाकून त्यानं तो ठेवला, आपल्या गोट्याला लागूनच.